नऊ नंबर चांगला असतो

भरल्या बाजारात बाई, तहान बांधली पदरी
दिस बुडल्यावं पिईन, पाणी आपुल्याच घरी...

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या हातात चहाचा ग्लास होता आणि खिशात नेमणुकीचं पत्र. जाडसर आवाज, शेवटाला किंचित चिरकणारा. जात्याचा खुंटा फिरून पुन्हा जागेवर यावा तसा प्रत्येक ओळीअखेर जमिनीला टेकणारा. कुरणवाड्याचा भाजीबाजार नुकता मांडला जात होता. रांगेतल्या पहिल्याच पोत्यावर पन्नाशीची एक बाई मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होती आणि गात होती. पाणी जुड्यांवर पडत होतं, मातीवर पडत होतं, तिच्या पावलांवर पडत होतं. तिच्या घशात थेंबही जात नव्हता, पण ते मला दिसलं नाही. मला ओव्यांचा लहानपणापासून नाद. 'तहान बांधली पदरी', वा! असं म्हणून मी मोजणीच्या वहीच्या मागच्या पानावर ओवी उतरवायला लागलो.

"काय वरशेर सायेब, लिवून काय घेताय? बाजारपट्टी वाढवताय व्हय?"

"नाही मावशी. तुमची ओवी उतरवून घेतोय."

"आगं बया! आता ववीवर बी पट्टी?"

सगळी रांग खळखळून हसली. मी कोण हे टपरीवाल्याने आधीच रांगेत पोचवलं होतं. नगरपरिषदेचा नवा ओव्हरसियर म्हणून बाजाराशी माझी ओळख झाली ती अशी. बाईचं नाव हौसाबाई जमदाडे. शेजारच्या पोत्यावर तिची सून सुंदरा बसायची. पहिलटकरीण, सहावा महिना, बोलायला लाजरी. रोज सकाळी कचेरीत जाताना मी तिथे दोन मिनिटं थांबायचो. हौसामावशी एखादी ओवी द्यायची आणि वर टोमणा फुकट.

तिसऱ्या आठवड्यातला मंगळवार. उन्हाळा लागला होता. साडेबाराच्या सुमाराला मी बाजारातल्या ओट्यांचं माप घेत होतो, आणि समोर सुंदरा बसल्या जागी कलंडली. कोथिंबिरीच्या ढिगावर डोकं टेकलं, ओठांवर पांढरे पापुद्रे. मी टपरीवरून धावत पाण्याचा ग्लास आणला. तिने डोळे उघडले, ग्लास पाहिला आणि तोंड फिरवलं.

"अगं पी! चक्कर आलीय तुला."

"ती न्हाई प्यायची," हौसामावशी पदरानं वारा घालत म्हणाली.

"का? माझ्या हातचं चालत नाही?"

एका म्हातारीने पदर तोंडाला लावला. हौसामावशीने माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, एखाद्या बावळट भाच्याकडे पाहावं तसं.

"सायेब, तुमी शिकल्यालं. प्यालेलं पानी जातं कुठं, त्ये शाळंत शिकवलं न्हाई का?"

मी ग्लास खाली ठेवला.

"अंधारात घर सोडायचं, दिवेलागनीला परतायचं. मधल्या येळात बाईमानसानं जायचं कुठं? गडी भिंतीला तोंड करून मोकळा. जकात नाक्यामागं चार बाभळी हुत्या, तेवढा आडोसा. त्या बी गेल्या साली तुमच्या पालिकेनं तोडल्या."

"कशासाठी?"

"गाव चांगलं दिसाया."

तिने सुनेचे ओठ ओल्या बोटाने नुसते पुसले. मला माझ्या वहीचं मागचं पान आठवलं. मी ज्याला वा म्हटलं होतं ती तक्रार होती. तीन आठवडे एक बाई रोज माझ्या तोंडावर तक्रार करत होती आणि मी तिची चाल गुणगुणत कचेरीत जात होतो.

त्याच शुक्रवारी नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा होती, आणि सभेपुढे वर्षाच्या विकासकामांची यादी जायची होती. कुठलं काम आधी, कुठलं नंतर, हे ती यादी ठरवायची. यादी मंजूर होऊन जिल्ह्याला जाई, जिल्ह्याचं पथक पाहणीला येई, आणि मग अनुदान. अभियंत्याची जागा दोन वर्षं रिकामी होती, त्यामुळे यादीवर सही माझी. यादी करायची मात्र नानांनी. नाना खरसुंडीकर, हेडक्लार्क. निवृत्तीला वर्ष उरलेलं, डोक्यावर काळी टोपी, चिमटीत तपकीर. चौतीस याद्या त्यांच्या हातून गेल्या होत्या. रोज संध्याकाळी घरी जाताना हौसामावशीकडून एक जुडी घेऊन जायचे, मेथी किंवा चाकवत.

कचेरीत त्या दिवसांत सुतकी कळा होती. अकरा वर्षं यादीत पहिला असलेला खालच्या आळीचा नाला त्या साली बांधून झाला होता. यात पालिकेचा काही दोष नव्हता. कुणा मंत्र्याच्या ताफ्यातली जीप भर दुपारी त्या नाल्यात उतरली आणि जिल्ह्याहून माणसं येऊन पंधरा दिवसांत नाला बांधून गेली. खालची आळी पेढे वाटत होती. आणि नगराध्यक्ष अण्णासाहेब थोरवे मात्र घरातलं कर्तं माणूस गेल्यासारखे खुर्चीत बसून होते. मला वाटलं, श्रेय दुसऱ्याला गेलं म्हणून असेल.

बुधवारी दुपारी नानांनी यादीचा कच्चा कागद माझ्यापुढे ठेवला. दोन नंबरला एस. टी. स्टँडसमोर कारंजं. तीनला वेशीवर स्वागत कमान. चार, अण्णासाहेबांच्या मळ्याकडे जाणारा डांबरी रस्ता. पुढे तालमीची फरशी, कुणाच्या तरी दारातला हातपंप, असंच. नवव्या नंबरावर, भाजीबाजारात महिलांसाठी शौचालय, चार खणी. दहाव्यावर शाळा नंबर तीनची कौलं. पहिल्या नंबरापुढे मात्र पेन्सिलीची नुसती आडवी रेघ.

"नाना, पहिला नंबर मोकळा का?"

"ठरायचाय. अण्णासाहेब शोधात आहेत."

"शोधात? गावात कामांचा दुष्काळ पडलाय का?"

"कामं रग्गड हो साहेब. पण पहिल्या नंबराला शोभलं पाहिजे. बघणाऱ्याच्या पोटात कालवलं पाहिजे."

"मग हे घ्या की!" मी नवव्या ओळीवर बोट आपटलं. "काल एक गरोदर बाई माझ्यासमोर पडली, नाना. पाणी प्यायला घाबरते ती. याच्याहून आणखी काय कालवायचंय?"

नानांची तपकिरीची चिमूट नाकापाशी थांबली.

"मला माहीत आहे. म्हणून तर यादीत घातलंय," ते हळू म्हणाले. "नऊ नंबर चांगला असतो, साहेब."

"चांगला? कारंज्याच्या खाली, कमानीच्या खाली, हातपंपाच्या खाली?"

"खालीच बरं असतं. नजर लागत नाही."

मी सव्वीस वर्षांचा होतो. कारकुनी थंडपणाची मला चीड होती आणि माझ्या खिशात तांबडी पेन्सिल होती. मी नववी ओळ खोडली आणि पहिल्या नंबरापुढे ठसठशीत अक्षरात लिहिली. शेजारी 'मागणी कोणाची' असा रकाना असतो. तो नाना नेहमी 'नागरिक' असं लिहून भरत. मी लिहिलं, 'हौसाबाई जमदाडे व इतर महिला विक्रेत्या.'

"सही माझी आहे, नाना."

"सही तुमचीच." नानांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, पुन्हा घातली. दार उघडं होतं. बाहेर बाकावर अण्णासाहेबांचा ड्रायव्हर बसला होता. नाना त्याच्याकडे पाहून थोडं मोठ्याने म्हणाले, "उत्तम. फार उत्तम." आणि मग कागद उचलताना हलकेच, "उद्या दुपारपर्यंत मी छपाईची स्टेन्सिल कापणार नाही. मन बदललं तर सांगा."

मन बदलायचं मला कारणच नव्हतं. घरी जाऊन मी पहिल्या कामाची टिपणी लिहिली. इतर टिपण्या असतात चार ओळींच्या, 'सदर काम लोकोपयोगी असून' वगैरे. माझी झाली तीन पानं. सुंदराचे ओठ आले, बाभळी आल्या, दहा तासांचं ऊन आलं. आणि सगळ्यांच्या माथ्यावर मी हौसामावशीची ओवी लिहिली. लिहिताना माझे डोळे भरून आले होते. स्वतःच्या अक्षरावर माणसाचा किती जीव असतो!

गुरुवारी सकाळी तोच कच्चा कागद घेऊन मी बाजारात गेलो. हौसामावशी गात नव्हती. मेथीच्या जुड्या सरळच होत्या, तरी पुन्हा पुन्हा सरळ करत होती.

"मावशी, आनंदाची बातमी आहे! तुमचं काम यादीत घातलंय. पहिला नंबर!"

तिने हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "पयला म्हंजी... अगदी पयला?"

"अगदी पहिला. कारंज्याच्या वर, कमानीच्या वर. अण्णासाहेबांच्या रस्त्याच्या वर!"

"आन् आदी कितवा हुता?"

हा प्रश्न मला तेव्हा विचित्र वाटला नाही. "होता कुठेतरी खाली," मी म्हणालो. "आणि हे बघा, तुमचं नावसुद्धा आहे."

"माझं?"

"हे काय. हौसाबाई जमदाडे."

"कुटं?"

तिला अक्षर येत नव्हतं. मी तिचं बोट धरलं आणि नावावर ठेवलं. मातीने काळं झालेलं, मेथीचा हिरवा रस मुरलेलं बोट. कागदावर हिरवट डाग पडला. तिने बोट उचललं नाही. शेजारून सुंदरा वाकून बघत होती. त्या बोटाखाली आपलंच काही लिहिलंय असा तिचा चेहरा झाला होता.

"सायेब..." हौसामावशी म्हणाली.

"काय मावशी?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग बोटाकडे. ओठ हलले. बाजारात एक हातगाडी घंटा वाजवत गेली.

"काय म्हणत होतात?"

"काय न्हाई," ती म्हणाली. "असू द्या."

तिने माझ्या पिशवीत दोन जुड्या कोंबल्या. मी पैसे देऊ लागलो तर हात मागे घेतला. मी ते 'असू द्या' कृतज्ञतेचं समजलो आणि तरंगत कचेरीत आलो. नानांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाजारातून आलात? काही... बोलणं झालं?"

"झालं तर. खूष आहे मावशी."

"खूष आहे," नाना म्हणाले. त्यांनी टाइपरायटर पुढे ओढला आणि ते स्टेन्सिल कापायला लागले.

शुक्रवारी अकराला सभा भरली. तो काळ असा, की सभागृहात एकही बाई नव्हती. अण्णासाहेबांनी यादी उचलली, पहिली ओळ वाचली, टिपणी वाचली, आणि महिन्याभरात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर रक्त आलं.

"गव्हाणे! हे तुम्ही लिहिलं?"

"हो साहेब."

"वा! वा! अहो, ऐका रे सगळे." त्यांनी ओवी मोठ्याने वाचली. चांगली वाचली. तालमीचे तात्या बागल मांडीवर थाप मारून म्हणाले, "ह्याला म्हणायचं पयला नंबर! नाला कायच न्हवता हिच्यापुढं. नाल्याला आवाज कुटं हुता?"

"हे... बायकांचं जे काही आहे ते, एकमताने मंजूर," अण्णासाहेब म्हणाले. शौचालय हा शब्द सभागृहात कुणी उच्चारला नाही. बाकं वाजली. अर्ध्या मिनिटात काम झालं. मी नानांकडे विजयाने पाहिलं. ते खाली बघून इतिवृत्त लिहीत होते.

मग दोन नंबरापासून भांडणं सुरू झाली. कारंज्याला चार तोट्या की सहा. कमान वेशीच्या अलीकडे की पलीकडे, कारण पलीकडे बागलांची जमीन. हातपंपावरून दोघे सभासद एकमेकांच्या मेलेल्या बापांपर्यंत गेले. आठव्या नंबराला पावणेदोन वाजले. मागच्या अंगणात सभासदांसाठी मटण शिजत होतं आणि रश्श्याचा वास खिडकीतून आत येऊन प्रत्येकाच्या मांडीवर बसला होता.

"नऊ?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"शाळा नंबर तीनची कौलं," नाना म्हणाले.

"कौलं तर कौलं. नऊ ते चौदा मंजूर! चला, हात धुवा."

पंधरा दिवसांनी जिल्ह्याचं पथक आलं. अण्णासाहेबांनी त्यांना कारंज्याची जागा दाखवली नाही, कमानीची नाही. थेट भाजीबाजारात आणलं. हौसामावशीला आदल्या दिवशीच निरोप गेला होता, धुवट लुगडं नेसून ये. सुंदराला पुढे बसवलं होतं, पोट दिसेल अशी.

"म्हणा मावशी," अण्णासाहेब हात जोडून म्हणाले. "तुमची व्यथा साहेबांच्या कानी घाला."

हौसामावशी उभी राहिली. एकदा माझ्याकडे पाहिलं. आणि गायली. आवाज शेवटाला चिरकला तिथे पथकातल्या मोठ्या साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांचाही घसा कोरडा पडला असावा, कारण अण्णासाहेबांनी खूण केली आणि शहाळी आली. बायकांच्या रांगेसमोर उभं राहून सगळ्यांनी शहाळी प्यायली. मीही प्यायलो. सुंदरा त्या नळीकडे बघत होती.

अनुदान आलं, आणि कुरणवाड्याला कधी आलं नव्हतं एवढं आलं. तेरा नंबरापर्यंत पुरलं. कामांचे आदेश टाइप होऊन माझ्यापुढे सहीला आले तेव्हा मी ते दोनदा चाळले. कारंजं होतं. कमान होती. शाळेची कौलं होती. गठ्ठा दोन नंबरापासून सुरू होत होता.

मी तो घेऊन नानांच्या टेबलापाशी गेलो. "पहिल्याचा आदेश राहिला टाइप करायचा."

"राहिला नाही."

"म्हणजे?"

नानांनी उठून दार लावलं. चौतीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच.

"साहेब, देवापुढे नैवेद्याचं ताट ठेवतात. देव जेवतो का? दाखवायचं देवाला आणि वाढायचं आपल्या पानात. पहिला नंबर म्हणजे देव. त्याला दाखवून अनुदान मागायचं. तो जेवून मोकळा झाला तर पुढच्या साली ताट कुणापुढे धरणार?"

"पण नाला..."

"नाल्याने अकरा वर्षं ह्या गावाला पोसलं. टाउन हॉल नाल्याचा. ही खुर्ची, हे टेबल नाल्याचं. खालच्या आळीत चार पोरं तापानं गेली त्यात. तेव्हा अनुदान दुप्पट आलं होतं. मी टाइप केलंय ते." नाना माझ्याकडे बघत नव्हते. "काम करून घ्यायचं असलं तर नऊ नंबराला घालावं. तिथे जेवणाची वेळ होते. कुणी वाचत नाही. माझ्या हयातीत ह्या गावात जे काही धड झालंय, दवाखान्याची विहीर, मुलींच्या शाळेची भिंत, सगळं नवव्या नंबराचं आहे."

"मग मला सांगितलं का नाही तुम्ही?"

"सांगितलं की. नऊ नंबर चांगला असतो म्हणालो."

"असं सांगतात?"

"कचेरीत असंच सांगतात. दाराशी ड्रायव्हर बसला होता. आणि तुमच्या हातात तांबडी पेन्सिल होती." त्यांनी तपकीर ओढली. "आणखी एका ठिकाणीही सांगून पाहिलं मी. म्हटलं, तिथून तरी तुमच्यापर्यंत पोचेल. पण तिथूनही काही झालं नाही."

"कुठे?"

नानांना मोठी शिंक आली. शिंकेनंतर त्यांनी रुमालाची घडी घातली, दार उघडलं आणि टाइपरायटरला नवा कागद लावला.

मी सगळ्या आदेशांवर सह्या केल्या. दुसरं काय करणार होतो, असं मी स्वतःला त्यानंतर पुष्कळदा विचारलं. उत्तर येईपर्यंत माझी बढती झाली. ती तीन पानी टिपणी जिल्ह्यात नमुना म्हणून फिरली होती. असं लिहिणारा माणूस छोट्या गावात वाया चाललाय असं वरच्यांचं मत पडलं. जाण्याआधीचे दोन महिने मी कचेरीत मागच्या रस्त्याने जात होतो. कारंजं सुरू झालं त्या संध्याकाळी तेवढा बाजारावरून गेलो. सहा तोट्यांतून पाणी उडत होतं, तुषार थेट भाजीच्या पोत्यांपर्यंत येत होते, आणि बायका मुकाट्याने पदर पुढे ओढून बसल्या होत्या. मी थांबलो नाही.

पहिला नंबर पुढे अकरा वर्षं पहिला राहिला. दरवर्षी पथक येई, दरवर्षी धुवट लुगडं. मग पालिकेत संगणक आला. चालवायला जो नवा मुलगा आला, त्याला जुनी रीत ठाऊक नव्हती. त्याने यादी सरळ अकारविल्हे लावली. 'भाजीबाजारा'चा भ मधेच कुठेतरी जाऊन पडला, आणि शौचालय चार महिन्यांत उभं राहिलं. हे मला ऐकून कळलं. तोवर कारंज्यात पाणीही राहिलं नव्हतं.

बावीस वर्षांनी नाना गेले. मी तेव्हा पन्नाशीला टेकलो होतो. घरच्यांना भेटायला कुरणवाड्याला गेलो. त्यांच्या मुलाने चहा दिला आणि म्हणाला, "नाना तुमची फार आठवण काढायचे. म्हणायचे, गव्हाणे लाख माणूस. एकच यादी केली आणि तीही मनापासून."

तिथून उठलो तो पाय जमदाडेंच्या घराकडे वळले. दुपारची वेळ होती. हौसामावशी ओसरीवर बसून शेंगा सोलत होती. पाठीचं धनुष्य झालेलं, डोळ्यांत दूध उतरलेलं.

"कोन हाय?"

"मी गव्हाणे, मावशी. ओव्हरसियर."

"वरशेर सायेब!" ती हसली. "ववीची पट्टी वसूल कराया आलाय व्हय?"

आतून सुंदरा आली. केस पिकले होते. तेव्हा पोटात होती ती पोर आता बाजारात गाळ्यावर बसते म्हणाली. आणि सासूने न विचारता सांगून टाकलं, "हिची दोन आपरेशनं झाली. खड्याची. डाक्तर म्हनला, तरुनपनी पानी प्याली न्हाई ही." सुंदराने तांब्या माझ्यापुढे धरला. "प्या सायेब. उन्हातनं आलाय. पुरा प्या."

मी तो पुरा प्यायलो. एका दमात प्यायलो, आणि मग माझ्याने राहवेना.

"मावशी, बावीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. तुमचं काम नवव्या नंबराला होतं. नानांनी मुद्दाम घातलं होतं. मी अडाण्यासारखं ते पहिलं केलं. नववंच राहिलं असतं, तर त्याच साली झालं असतं."

हौसामावशीच्या हातातली शेंग तशीच राहिली. सुंदरा दारात उभी होती, रिकामा तांब्या धरून. मला वाटलं, म्हातारी आता शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मला ठाव हुतं," ती म्हणाली.

"कसं?"

"नाना आलं हुतं. बुधवारी सांजच्याला. जुडी घेतली आन् खाली बसलं, कवा बसत नसत त्ये. समदं उलगडून सांगितलं, पयल्या नंबराचं काय हुतं त्ये. म्हनलं, हौसा, पोरगं चांगलं हाय, माझं न्हाई पर तुझं ऐकंल. सकाळच्याला सांग, नववाच ऱ्हाऊ दे म्हनून."

बाहेर उन्हात एक कोंबडी माती उकरत होती. हौसामावशी त्या आवाजाच्या दिशेला बघत बोलली.

"सांगनारच हुते. रातभर घोकलं हुतं. पर तुमी कागूद फुडं केला न् माझं बोट धरून त्याच्यावर ठिवलं. माहेरी मी चौथी लेक. सासरी तिसरी सून. रेशनच्या कार्डात शेवटाला. आन् हितं अण्णासायेबाच्या रस्त्याच्या बी वर माझं नाव. बोट उचलू वाटंना. म्हनलं, एक दिस तरी ऱ्हाऊ दे. आन् मंग तीच ववी म्हनाया लागले पथकाफुडं, दर सालाला. म्हनताना बी बरं वाटायचं, सायेब. मोटी मोटी मानसं गप हून ऐकायची."

तिने हात पुढे केला, चाचपत. सुंदराने तांब्या खाली ठेवला आणि तो धरला.

"सुंदरा, तुला कवा सांगितलं न्हाई. ती तहान तुझ्या पदरी म्याच बांधली गं."